दोन थेंब जास्त

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरी सगळ्याची पूजा होते. विळी, कात्री, मिक्सर, मुलाची मोटरसायकल. मी काही म्हणत नाही. हवं तर टीव्हीच्या रिमोटलासुद्धा झेंडू वाहा. पण माझ्या लॅपटॉपच्या वाटेला जायचं नाही. तो मी सकाळीच पिशवीत घालून कपाटात ठेवते, कुलूप लावते आणि किल्ली कमरेला खोचते. मुलगा हसतो. म्हणतो, "आई, तू एवढी नास्तिक कधी झालीस गं?" नास्तिक नाही रे बाबा, पोळलेली आहे.

आणि एक प्रश्न मला विचारायचा नाही. "बॅकअप नव्हता का घेतला?" हा प्रश्न मला आजवर इतक्या शहाण्यांनी विचारलाय की पुढच्याच्या अंगावर मी हातातला चहा ओतणार आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही डोंबिवलीला पूर्वेकडे राहायचो. सासू-सासरे, नवरा आणि मी. मुलगा अजून व्हायचा होता. सासरचं घराणं कोकणातलं, भिक्षुकीचं. सासरे नोकरीतून निवृत्त झाले होते, पण पूजाअर्चा हातात पक्की. मी ठाण्याच्या खाडीकाठची, कोळ्याची मुलगी. लग्न आमचं आम्हीच ठरवलेलं. घरात त्यावरून भांडण म्हणून कधी झालं नाही. नुसतं नाक मुरडणं चालायचं. मी रविवारी माहेरी जाऊन आले की सासूबाई माझ्या पिशवीकडे बघायच्या आणि खिडकी उघडायच्या. माझ्या पिशवीत कधीही मासे नसायचे. तरी खिडकी उघडायच्याच. सासू-सासऱ्यांसमोर मी नवऱ्याला अहो म्हणायची आणि खोलीत अरे. खोलीत त्याला सांगितलं की म्हणायचा, "जाऊ दे ना, आई जुन्या वळणाची आहे." जाऊ दे, हे त्याचं आवडतं वाक्य.

मी कल्याणला एका वकिलांकडे टायपिस्ट होते. मराठी टायपिंग. वकीलसाहेब येरझाऱ्या घालत बोलायचे आणि मी समोर बसून थेट यंत्रावर उतरवायची. आधी कागदावर लिहून घेणं वगैरे नाही. आता एक गोष्ट नीट सांगते, कारण पुढे सगळं तिच्यावरच आहे. असं टायपिंग करणाऱ्याला आपण काय टाईप केलं ते कळत नाही. खरंच कळत नाही. शब्द कानातून आत येतो आणि बोटांतून निघून जातो, मधे डोक्यात थांबत नाही. थांबला तर बोटं अडखळतात. दावा टाईप करून झाला आणि कोणी विचारलं, घटस्फोटाचा होता की बांधाच्या भांडणाचा, तर मला कागद हातात घेऊन वाचावं लागायचं. वकीलसाहेब याला माझा गुण म्हणायचे. पक्षकारांची गुपितं बाहेर जात नाहीत म्हणून.

लॅपटॉप आला तो दिरांकडून. माझे मोठे दीर अमेरिकेत. त्यांना नवा मिळाला म्हणून जुना त्यांनी भावाला दिला. जाडजूड, काळा, उचलला तर हाताला रग लागायची. पण आमच्या अख्ख्या इमारतीत तेव्हा कोणाकडे साधा कॉम्प्युटर नव्हता, तर सासूबाई पाहुण्यांना चहाच्या आधी लॅपटॉप दाखवायच्या. दिरांनी त्यात स्वतःचे फोटो घालून पाठवले होते. बर्फात उभे, गाडीला टेकून उभे, मॉलच्या दारात उभे. त्याच फोटोंचा छापील अल्बम आमच्या शोकेसमध्ये होता तो वेगळाच. नवरा त्यावर लोकांच्या पत्रिका करायचा, हौस म्हणून. शिवाय सोसायटीचा सेक्रेटरी, त्यामुळे तिथल्या सभांची इतिवृत्तं. मी एका डीटीपीवाल्याकडून त्यात मराठी अक्षरं बसवून घेतली, टायपरायटरसारखीच बोटं चालतील अशी. लॅपटॉपला फ्लॉपीची खाच होती, पण नवऱ्याने पत्रिकेचा कसलासा प्रोग्राम घालताना फ्लॉपी उलटी कोंबली आणि ती खाच मोडून ठेवली. म्हणजे त्यातून काही उतरवून घ्यायची सोयच उरली नाही; छापायचं तर अख्खा लॅपटॉप उचलून प्रिंटरवाल्याकडे न्यायचा. झालं समाधान? हा तो बॅकअप.

मला लॅपटॉप हवा होता तो आईसाठी.

माझे वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. दिवाळीच्या सुट्टीत मला शहाडला मावशीकडे पाठवलं होतं. तिथून अचानक घेऊन आले, तर घरात सगळं आटोपलेलं. बाबा होडी घेऊन खाडीत गेले आणि आले नाहीत, मग सापडले, एवढंच मला सांगितलं. कसे गेले, का गेले, कोणी सांगेना. गावात जितकी तोंडं तितक्या गोष्टी. कोणी म्हणे प्यायला होता. कोणी म्हणे होडीवरून भांडण झालं, कोणीतरी ढकलला. एका बाईने तर माझ्या तोंडावर सांगितलं की त्याने स्वतःच जीव दिला, तुझ्या आईच्या तोंडाला कंटाळून. मी आईला विचारलं की ती उठून भांडी घासायला घ्यायची. घासलेली परत घासायची. मोठी झाले, नोकरीला लागले, लग्न झालं, तरी तेच. त्या रात्री घरात फक्त ती होती. खरं काय ते तिलाच माहीत, आणि तिच्या तोंडाला कुलूप. दिवाळीला आमच्या दारात कंदील लागायचा नाही. अख्ख्या आळीत उजेड आणि आमचं दार काळोखात.

एकदा मी टेपरेकॉर्डर नेला. तो समोर ठेवल्याबरोबर आई पुतळ्यासारखी बसली. मग म्हणाली, "बंद कर ती पेटी, मना भ्या वाटतं." वही घेऊन बसले तर म्हणायची, "माझ्या तोंडाकडं बघू नको." तिचं खरंच होतं. तिच्याकडे कोणी टक लावून पाहिलं की तिला बोलता यायचं नाही. बाजारात गिऱ्हाइकाशी भांडताना जी बाई आख्खं मार्केट डोक्यावर घ्यायची, तिला घरात दोन वाक्यं सुचायची नाहीत.

लॅपटॉपचं वेगळं झालं. मी पहिल्यांदा नेला तो आपला वकिलांचं उरलेलं काम करायला. पाटावर ठेवून टाईप करत बसले. आई समोर सुपात जवळा, ती बारीक सुकी कोळंबी, निवडत होती. मी पडद्याकडे बघतेय, ती सुपाकडे. आणि बाई बोलायला लागली! आधी लहानपणचं काहीतरी, मग आजीचं, मग मिठागरावरच्या दिवसांचं. मी गुपचूप वकिलांचं काम बंद केलं आणि तिचं उतरवायला लागले. मान वर केली नाही. बोटं चालू ठेवली. तिला कळलं थोड्या वेळाने, पण ती थांबली नाही. म्हणाली, "तू तुझा काम कर, माझ्याकडं नको बघू." मग दर रविवारी हेच. लॅपटॉपमध्ये मी एक खण, म्हणजे फोल्डर, केला होता, 'आई' नावाचा. इंग्रजी अक्षरांत AAI. प्रत्येक रविवारची वेगळी फाईल.

पावसाळा संपता संपता एका रविवारी ती एकदम म्हणाली, "त्या रातीचा सांगितला नाय ना तुला." मी वर बघितलं नाही. वर बघितलं असतं तर ती उठून भांडी घासायला गेली असती. मी पडद्याकडे बघत म्हटलं, "सांग." आणि तिने सांगितलं. सुपात हात चालू, आवाज एकसारखा, कुठे चढ नाही, उतार नाही. मी आयुष्यात टाईप केलं नसेल इतक्या वेगाने टाईप केलं. एक शब्द सुटता कामा नये, एवढंच डोक्यात. जे कानावर आलं ते बोटांतून गेलं. भरती हा शब्द पुन्हापुन्हा आला. चूल पेटती ठेवली होती, असं काहीतरी होतं. कोणाच्या तरी सदऱ्याचं होतं. बाकी मला विचाराल तर काहीही आठवत नाही. माझ्या बापाच्या मरणाची हकीकत माझ्या दोन्ही हातांतून गेली आणि मला तिचा पत्ता नाही.

बोलून झाल्यावर आईने सूप खाली ठेवलं. "झाला," म्हणाली. जवळा डब्यात भरला. मग पदराने हात पुसत म्हणाली, "मना वाचून दाखवशील? मी काय बोलले ते?" तिला वाचता येत नव्हतं. मी म्हटलं, "दिवाळीत दाखवते. पहिल्यापासून सगळं, एका बैठकीत." मला वेळ हवा होता. ती फाईल मी घरी येऊन उघडलीच नाही. उघडायची हिंमत होत नव्हती. म्हटलं, दिवाळीत आईसमोरच उघडू. दोघी मिळून ऐकू. मग कुठेतरी नेऊन छापून घेऊ. फाईल कुठे पळून जातेय?

मग आली खंडेनवमी.

सासरे सकाळपासून सोवळं नेसून तयार. पाटावर लाल कापड, त्यावर विळी, कात्री, स्क्रू ड्रायव्हर, सासूबाईंचं शिवणाचं यंत्र शेजारी, आणि मधोमध लॅपटॉप. झाकण उघडून, भिंतीला टेकून. मी म्हटलं, "अहो, बंद करून ठेवा ना." सासरे म्हणाले, "देवाची पूजा काय दार लावून करतात?" मी स्वयंपाकघरात पुरणाला हात लावलेला. तिथून मला सासूबाईंचा आवाज आला. हळू बोलत होत्या, पण दोन खोल्यांच्या घरात हळू म्हणजे किती हळू?

"तिकडे जाऊन येतं ना ते. दोन थेंब जास्त शिंपडा."

तिकडे म्हणजे माझ्या आईकडे.

मी पुरणाचे हात तसेच घेऊन बाहेर आले. सासऱ्यांच्या हातात आंब्याची डहाळी, ताम्हनात पाणी. दोन थेंब नव्हेत, चांगलं आंघोळ घातल्यासारखं शिंपडत होते. अक्षरांच्या बटणांवर पाणी, त्यावर हळद, त्यावर कुंकू, त्यावर मूठभर अक्षता. खाली पाणी आत झिरपताना मला दिसत होतं. मी पदर घेऊन पुसायला वाकले तर सासरे ओरडले, "हात लावू नकोस! आज शस्त्राला हात लावायचा नाही." पूजा झाली की हत्यारं त्या दिवशी वापरायची नाहीत, हलवायची नाहीत, हे मलाही माहीत होतं. आमच्याकडेही होडीची, जाळ्याची पूजा व्हायची आणि त्या दिवशी कोणी खाडीत जायचं नाही. पण होडी पाण्याने मरत नाही हो! मी सांगितलं, आत पाणी जातंय, बिघडेल. सासूबाई म्हणाल्या, "देवाच्या पाण्याने कधी काही बिघडतं का?" नवऱ्याकडे बघितलं. त्याने मला डोळ्याने खुणावलं, जाऊ दे.

आणि तो रात्रभर तसाच. ओला, झाकण उघडं, गळ्यात झेंडूची माळ. मी पलंगावरून त्याच्याकडे बघत पडले होते. तो जर मी त्याच वेळी उलटा करून पुसून फडक्यात गुंडाळून उन्हात ठेवला असता तर वाचला असता, असं मला नंतर तिघांनी सांगितलं. सांगायला काय जातंय.

दसऱ्याच्या सकाळी सासऱ्यांनी मुहूर्त काढला आणि नवऱ्याने बटण दाबलं. मी म्हणत होते, आज नको, वाळू दे. पण मुहूर्त! आत काहीतरी गरगरलं, पडदा एकदा निळा झाला आणि विझला. जळकट वास आला. माझ्या नवऱ्याला वाटलं तांदूळ अडकलेत. त्याने ते चालू यंत्र उलटं धरलं आणि पाठीवर थापट्या मारल्या, लहान मुलाला ठसका लागल्यावर मारतात तशा. चार अक्षता पडल्या खाली. आणि आत टक टक टक असा आवाज सुरू झाला. मग तोही बंद.

"नजर लागली," सासूबाई म्हणाल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सण होता, दारात तोरण होतं, शेजारचे सोनं द्यायला येत होते. मी सगळ्यांना आपट्याची पानं दिली आणि हसले. आता वाटतं, त्या दिवशी ओरडले असते तर निदान छातीवरचं ओझं तरी उतरलं असतं.

ठाण्याला माजिवड्याच्या पुढे एका नव्या इमारतीत लॅपटॉप दुरुस्त करणारा एक जण आहे, असं कळलं. तेव्हा असे फार नव्हते. दिवाळीआधीचे दिवस, कोर्टाला सुट्टी लागायच्या आत सगळे दावे दाखल करायचे, वकीलसाहेब रजेचं नाव काढू देईनात. नवऱ्याला रजा होती. तो निघाला तेव्हा मी चप्पल घालता घालता दारात त्याला थांबवलं.

"हे बघ, दुसरं काही मिळालं नाही तरी चालेल. AAI नावाचा खण आधी घे. आधी म्हणजे आधी. बाकी नंतर."

"हो गं."

"काय सांगितलं मी?"

"AAI आधी. शाळेतल्या पोरासारखं काय वदवून घेतेस? कळलं मला."

त्यात काय आहे हे त्याला माहीत होतं. मी सांगितलं होतं त्याला. माझ्या वडिलांचं आहे, म्हटलं होतं.

संध्याकाळी मी घरी आले तर घरात आनंदीआनंद. नवऱ्याने एक चकचकीत सीडी आणली होती. "वाचलं सगळं महत्त्वाचं," म्हणाला. सासूबाई डोळे पुसत होत्या, थोरल्याचे फोटो वाचले म्हणून. मी पर्ससकट उभी.

"माझं?"

"अगं, तुझं राहिलं. ती डिस्क मधेच गेली. त्याचा नंबर यायच्या आधीच." मग माझं तोंड बघून म्हणाला, "मी तरी काय करणार? नशीब समज, एवढं तरी मिळालं."

नशीब! मी त्या रात्री जेवले नाही. नवऱ्याने एकदा खोलीत डोकावून विचारलं, "बरं नाहीये का?" आणि मग तो मॅच बघायला गेला.

शनिवारी वकिलांशी भांडून अर्धा दिवस सुटी काढली आणि मी स्वतः माजिवड्याला गेले. म्हटलं, नवऱ्याला नीट बोलता आलं नसेल. दुकानात एअर कंडिशनर, काचेचं दार, आणि आत गळ्यात टाय बांधलेला एक तरुण माणूस, च्युइंगगम चघळणारा. मी लॅपटॉपचं सांगितलं. त्याला आठवलं. डिस्क त्याच्याकडेच होती, खोक्यात टाकलेली. त्याने ती पुन्हा मोठ्या कॉम्प्युटरला जोडून दाखवली. टक टकसुद्धा नाही. मेलेली. मी म्हटलं, "मुंबईत, कुठे बाहेर, काही होईल का? वाटेल ते करा." तो म्हणाला, "मॅडम, गई ये. अब कुछ नहीं." आणि मग, काही वाईट हेतू नव्हता त्याचा, सहज बोलल्यासारखं म्हणाला,

"वो छोटावाला फोल्डर था ना, ए ए आय? वो दिख रहा था मेरे को पहले. बहुत छोटा था. एक फ्लॉपी में आ जाता, फिर भी जगह बचती. मैंने सर को बोला भी, छोटा है, पहले ये ले लूँ? सर बोले, नहीं, पहले फोटो."

मला वाटलं ऐकण्यात काही चूक झाली. मी त्याला परत बोलायला लावलं. तो परत बोलला, च्युइंगगम चघळत.

दिरांचे बर्फातले फोटो. त्यांच्या एकेका फोटोच्या जागेत माझ्या आईचे सगळे रविवार मावले असते. आणि ते फोटो अमेरिकेत दिरांकडे होते! आमच्या शोकेसमध्ये अल्बममध्ये होते! ठाण्याहून मी कशी घरी आले मला आठवत नाही. सासू-सासरे बसलेले होते, पण मी अहो-जाहो केलं नाही. पहिल्यांदाच त्यांच्यासमोर मी त्याला अरे म्हटलं.

"अरे, त्याने तुला विचारलं होतं. आधी घेऊ का म्हणून विचारलं होतं. तू नाही म्हणालास?"

तो गोरामोरा झाला. मग चिडला. चूक सापडली की पुरुष आधी चिडतात. "अगं, दादाने दिलेली वस्तू. त्याचे फोटो त्यातून गेले असं त्याला कसं सांगायचं? त्याला काय वाटेल?"

"आणि मला काय वाटेल?"

"तुझं काय जळलं एवढं?" तो म्हणाला. "आई आहे ना तुझी, चांगली धडधाकट. जा आणि परत विचार. लिहून घे परत. फोटो परत काढता येतात का?"

सासूबाई मधे बोलल्या, "एवढा तमाशा कशाला? तिकडच्या गप्पा त्या, उद्या परत मारता येतील." सासऱ्यांनी पेपर वर धरला. मी त्या दिवशी त्या तिघांकडे बघितलं, आणि माझ्या मनातून काहीतरी जे उतरलं ते परत कधी वर चढलं नाही. संसार केला. मूल झालं. सासूबाईंचं दुखणं काढलं, सासऱ्यांना शेवटी खांदा द्यायला दीर आले नाहीत म्हणून धावपळही मीच केली. सगळं केलं. पण दसऱ्याचं सोनं मी त्यानंतर नवऱ्याच्या हातून घेतलं नाही. त्याने कधी विचारलंही नाही का ते.

मात्र त्याचं ते वाक्य मनात राहून गेलं. परत विचार. खरंच की, आई होतीच. कठीण होतं, पण होती. पुन्हा वकिलांचं काम घेऊन जाऊ, तिच्याकडे न बघता बसू, ती जवळा निवडेल आणि बोलेल. या वेळी मी टाईप करणार नाही, नुसती बोटं हलवीन आणि ऐकेन. मी असं मनाशी घोकत दिवाळीच्या पाडव्याला माहेरी गेले.

लांबूनच दिसलं. आमच्या दारात कंदील. साधा, लाल कागदाचा, थोडा वाकडा लागलेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी दारात थबकले. आई आतून आली. तिने नवं लुगडं नेसलं होतं, केसांत अबोलीची वेणी होती. चटई अंथरून ठेवली होती. शेजारणीला तिने सांगून ठेवलं होतं की आज पोरगी वाचून दाखवणार हाय, कोणी येऊ नका.

"पेटी कुठंय?" तिने विचारलं.

खोटं बोलायचं ठरवून आले होते. दुरुस्तीला दिलीय, आणते पुढच्या वेळी, असं काहीतरी. पण तो कंदील बघून मला खोटं बोलवेना. मी सांगितलं. पूजेचं, पाण्याचं, फोटोंचं. दोन थेंब जास्तचं तेवढं सांगितलं नाही. ते तिला सांगून काय मिळालं असतं? तिने ऐकून घेतलं. चटईवर बसली, पाय पसरून. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "आई, परत एकदा सांग ना. त्या रात्रीचं. फक्त तेवढंच."

तिने मान हलवली. रागावली नव्हती. मी तिला इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं.

"नाय गो बाय. आता नाय. इतकी वरसा उरावर होता, त्या दिशी निघाला. मना हलका वाटला. आता परत आत घालू नको."

"पण लिहिलेलं गेलं ना आई सगळं."

"गेला तं गेला. मना कुठं वाचता येतं?" ती माझ्याकडे वळली. आयुष्यात पहिल्यांदा असेल, तिने माझ्या तोंडाकडे सरळ बघितलं आणि मला बघू दिलं. "पण तू होतीस ना हितं. मी बोलले ता तू आयकलास ना?"

बाहेर कोणीतरी फटाका लावला. कंदिलाचा लाल उजेड तिच्या अर्ध्या तोंडावर पडला होता.

"हो," मी म्हटलं. "ऐकलं."

"मग झाला," आई म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.